पेन्सिलीतली नावं

कर्वेनगरात एका बँकेच्या डोक्यावर दोन खोल्या होत्या आणि त्या दोन खोल्यांत मराठी साहित्य अमर करण्याचं काम चालायचं. काम सकाळी साडेनऊला सुरू व्हायचं आणि दुपारी एक ते दोन बंद असायचं. अमरत्वाचं काम झालं म्हणून काय झालं, जेवणाची सुट्टी ही लागतेच.

कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीनं देणगी दिली होती आणि प्रकल्पाचं नाव ठेवलं होतं 'साहित्य-कोठार'. जुनी, दुर्मीळ पुस्तकं टाइप करून संगणकावर चढवायची, म्हणजे ती जगभर कुणालाही वाचता येतील. शिवाय त्यातले वेचे निवडून शाळांना पूरक वाचनाच्या पुस्तिका पुरवायच्या. जगभर ती कोण वाचणार होतं हा प्रश्न तिथं कुणी विचारत नसे.

खिडकीजवळच्या मशीनवर कचरू ओव्हाळ बसायचा. वय साठीला आलेलं, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, डोळ्यांवर जाड काचा. आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली म्हणून आईनं याचं नाव कचरू ठेवलं. मृत्यूला वाटावं, हा कचराच आहे, उचलून न्यायचा कशाला. मृत्यू फसला. शाळेतली पोरं फसली नाहीत, ती नावावरून जे म्हणायचं ते म्हणत राहिली.

कोठाराची पद्धत अशी होती: एकच पान दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून टाइप करायचं. मग संगणक दोन्ही पानं एकमेकांशी ताडून बघायचा. जुळली तर हिरवी खूण, फरक असेल तिथं पिवळा पट्टा. पट्टा आला की प्रकल्प सांभाळणाऱ्या शर्मिला मॅडम मूळ पुस्तक उघडून कोण चुकलं ते ठरवायच्या. तीन वर्षांत कचरूच्या नावावर एकोणीस चुका लागल्या होत्या. बाकीच्यांच्या एका आठवड्यात लागायच्या. "काका, तुम्ही मशीन आहात," असं शर्मिला कौतुकानं म्हणायची, आणि कचरू मान हलवायचा. त्याला त्यात वावगं वाटत नसे. तो टाइप करायचा ते वाचायचा नाही. अक्षर दिसायचं, बोट चालायचं. प्रेमकविता असो की दुष्काळाचा अहवाल, संध्याकाळी विचारलं तर त्याला पानाचा आकडा सांगता यायचा, पानावर काय होतं ते नाही.

हे त्याला जन्मजात नव्हतं. हे त्याला शिकवलं होतं नारायण पेठेतल्या सुबोध मुद्रणालयाच्या तात्यारावांनी. सतराव्या वर्षी कचरू तिथं खिळे जुळवायला लागला. डाव्या हातात पट्टी धरायची, उजव्या हातानं समोरच्या खणांतून एकेका अक्षराचा शिशाचा खिळा उचलून पट्टीत उलटा बसवायचा. तात्यारावांची जीभ तिखट होती. पहिल्याच महिन्यात कचरूनं लेखकाची एक उघड चूक आपल्या अकलेनं सुधारली, तेव्हा ते सगळ्यांदेखत म्हणाले होते, "अरे वा! आपण लेखकही आहात होय? आम्हाला कल्पना नव्हती. उद्यापासून खुर्ची देऊ का?" मग आवाज उतरवून म्हणाले, "हे बघ. मक्षिकास्थाने मक्षिका. कागदावर माशी मेलेली असेल तर छापतानाही माशीच उमटली पाहिजे. कंपोझिटरनं डोळे वापरायचे, डोकं घरी ठेवून यायचं."

कचरूनं डोकं घरी ठेवलं. आणखीही एक गोष्ट त्यानं घरी ठेवली. नोकरीला लागताना तात्यारावांनी विचारलं, वडील काय करतात? खडकीला फॅक्टरीत. आई? तेव्हा तो म्हणाला, "घरीच असते."

आई घरी नसायची. तुळजाबाई पाटी वाहायची. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतल्या बायका मिळेल तिथं बिगारीला जायच्या. एकसष्ट साली पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरलं तेव्हा घराघरांत कमरेएवढा गाळ होता. तो उपसायला याच बायका गेल्या, त्यांची स्वतःची झोपडी वाहून गेलेली असताना. तेरा वर्षांचा कचरू आईबरोबर दोन आठवडे होता. नारायण पेठेत एका छापखान्यातलं यंत्र गाळात रुतलं होतं. ते मोकळं करणाऱ्या बायकांत तुळजाबाई होती. चार वर्षांनी कचरू त्याच छापखान्यात नोकरीला लागला आणि त्याच यंत्रावर त्यानं जुळवलेली पानं छापली जाऊ लागली. हे त्यानं तात्यारावांना कधीच सांगितलं नाही. पेठेतल्या त्या अक्षरांच्या घरात आपली आई डोक्यावर गाळाचा रेंदा घेऊन आली होती, आणि कुणीतरी माडीवरून तिला "ए पाटीवाली, इकडं नको सांडूस" असं ओरडलं होतं, हे त्याला कुणाला कळायला नको होतं. लाज वाटायची, बस. पुढं त्या लाजेचीही लाज वाटली, पण ते फार उशिरा.

तुळजाबाई गाणी रचायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पाटी रिकामी करून परत येताना दोन ओळी जुळायच्या, बाकीच्या बायका त्या उचलायच्या. त्र्याऐंशी साली शरच्चंद्र नावाचे एक प्राध्यापक टेप घेऊन वस्तीत आले. पुराची गाणी गोळा करत होते. अकरा बायका बसल्या, गायल्या. प्राध्यापकांनी प्रत्येकीचं नाव विचारलं तेव्हा त्या एकमेकींकडं बघून हसल्या. नाव विचारायला कधी कुणी आलं नव्हतं.

वर्षभरानं त्या पुस्तकाचं हस्तलिखित छापायला आलं ते नेमकं सुबोध मुद्रणालयातच. पुण्यात छापखाने शंभर, पण नशीब एकदा हात धुऊन मागं लागलं की पत्ता विचारत बसत नाही. पानं जुळाऱ्यांत वाटली गेली आणि सत्तेचाळीस ते अठ्ठावन्न कचरूच्या वाट्याला आली. त्यानं एकावन्नावं पान समोर लावलं. शाईनं लिहिलं होतं:

पेठंच्या गाळामंदी घावला फणी-करंडा,
ज्याचा त्येला दिला, बाई, मी उपसला निस्ता रेंदा.

आणि समासात, बारीक अक्षरात, पेन्सिलीनं: तुळजाबाई ओव्हाळ.

पट्टी खाली ठेवून त्यानं आपल्या वाट्याची बाकीची पानं चाळली. प्रत्येक गाण्याशेजारी असंच एकेक नाव होतं, अकराच्या अकरा, सगळी पेन्सिलीत. आता प्रत्येक छापखान्याचे काही नियम असतात. सुबोधमध्ये नियम असा की शाईचं जुळवायचं, पेन्सिलीचं सोडायचं. पेन्सिलीत लेखक मंडळी स्वतःसाठी काहीबाही टिपून ठेवतात, 'हे तपासणे', 'दामलेंना विचारणे', आणि एकदा ते 'दामलेंना विचारणे' एका पंचांगात छापून आलं होतं. तेव्हापासून हा नियम दगडावरची रेघ झाला होता.

तरी कचरू उठून तात्यारावांच्या टेबलापाशी गेला. "मालक, पेन्सिलीचं घ्यायचं का?"

तात्याराव हिशेबात होते. मान वर न करता म्हणाले, "वीस वर्षं झाली तुला इथं. आता अक्षत देऊन विचारू का, पेन्सिलीचं आपण काय करतो?"

"सोडतो."

"मग?"

इथं एक वाक्य बोलायचं होतं. 'मालक, ती गाणाऱ्या बायकांची नावं आहेत.' एवढंच. तात्याराव तिरसट होते, लबाड नव्हते. त्यांनी कागद मागवून घेतला असता, चष्मा पुसला असता आणि नावं घ्यायला लावली असती. मग कदाचित विचारलं असतं, "ओव्हाळ? तुझ्यातलीच का कुणी?" शेजारी खिळ्यांच्या घोडीपाशी चार जुळारी काम करत होते. त्यांचे कान टवकारलेलेच असायचे.

"काही नाही," कचरू म्हणाला आणि जागेवर आला. त्यानं एकावन्नावं पान जुळवलं, एकही चूक न करता.

प्राध्यापक त्या सुमारास डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मिरजेला होते. प्रुफं तात्यारावांनीच, पेन्सिलीकडं न बघता, शाईच्या मजकुराबरहुकूम तपासली. पुस्तक हातात पडल्यावर प्राध्यापक आले आणि हताश होऊन म्हणाले, "अहो, नावं राहिली की हो बायकांची!" तात्यारावांनी हस्तलिखित पाहिलं, त्यांचा चेहरा पडला. "दुसऱ्या आवृत्तीत घालू," ते म्हणाले. दुसऱ्या आवृत्तीत घालू म्हणजे काय हे मराठी पुस्तकांच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. प्राध्यापक पुढं दोन वर्षांनी वारले, हस्तलिखित त्यांच्या घरच्यांनी रद्दीत घातलं. त्या संभाषणाच्या वेळी कचरू चार पावलांवर उभा होता.

पुस्तकाची एक प्रत त्यानं घरी नेली. न नेऊन चाललं नसतं, तुळजाबाई रोज विचारत होती, "आलं का रं माझं पुस्तक?" तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि पुस्तक मांडीवर घेतलं. कचरूनं एकावन्नावं पान काढलं.

"हे तुझं गाणं."

"आन् नाव? त्या मास्तरानं नाव लिवून घेतलं हुतं. कुटं हाय?"

कचरूनं पानावर बोट ठेवलं. गाण्याच्या वर ठळक अक्षरांत 'पूरगीते' छापलं होतं. "हे," तो म्हणाला.

तुळजाबाईनं त्या शब्दावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. "येवढंसंच?" ती म्हणाली. मग हसली. "असूं दे. लई मोटं नाव घिऊन काय करायचं."

पुढची तीन वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, ती वस्तीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पान काढून दाखवायची आणि 'पूरगीते'वर बोट ठेवायची. वाचता येणारी एकदोन पोरं होती, त्यांनी कचरूकडं पाहिलं आणि काही बोलली नाहीत. वस्तीतल्या पोरांना तेवढी समज असते. कचरूच्या आतलं काहीतरी त्या तीन वर्षांत हळूहळू बंद पडलं. पहिल्यांदा तिनं बोट ठेवलं तेव्हा तो उठून बाहेर गेला होता. शंभराव्या वेळी तो जेवत राहिला. आई गेली तेव्हाही तो रडला नाही. लोक म्हणाले, कचरू खंबीर आहे. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला, जुळवायला बसला, आणि त्याच्या लक्षात आलं की अक्षरं दिसतायत, पण वाक्य होत नाहीये. कामाला ते बरंच होतं. चुका आणखी कमी झाल्या.

मग देश खुला झाला. त्र्याण्णव साली सुबोध मुद्रणालयानं दार लावलं. खिळे वितळवायला गेले आणि तात्याराव मुलाकडं नाशिकला. कचरू पंचेचाळिसाव्या वर्षी कॉलेजातल्या पोरांच्या शेजारी बसून संगणकावर टाइप करायला शिकला. पत्रिका केल्या, निवडणुकांची पत्रकं केली. मुलगा संजय इंजिनिअर झाला, हिंजवडीला लागला, त्यानं कर्वेनगरात फ्लॅट घेतला आणि आईवडिलांना तिकडं आणलं. घर कोठारापासून पायी दहा मिनिटांवर होतं. सगळं बरं चाललं होतं. कुणी कसं काय विचारलं की कचरू म्हणायचा, "बरं चाललंय," आणि ते खरं होतं. वाईट असं काही वाटत नव्हतं. वाटतच नव्हतं.

ते पुस्तक कोठारात आलं दोन हजार आठच्या मार्चमध्ये. शर्मिलानं टेबलावर ठेवलं, "काका, हे तुम्ही आणि दीपमाला." दीपमाला पलीकडच्या खोलीत बसायची. कचरूनं पहिल्या पानावर सुबोध मुद्रणालयाचं नाव पाहिलं आणि कामाला लागला. तिसऱ्या दिवशी एकावन्नावं पान आलं.

प्रत्येक गाण्याला संगणकावर एक तक्ता भरावा लागायचा. शीर्षक, पान, साल, रचनाकार. रचनाकाराचा रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढं जाऊ देत नसे. पुस्तकात नाव नसेल तर काय लिहायचं याचा कागद भिंतीवर चिकटवलेला होता. कचरूनं कागदाकडं पाहिलं नाही, त्याला पाठ होतं. त्यानं लिहिलं: अज्ञात. पलीकडच्या खोलीत दीपमालानंही अज्ञात लिहिलं. दोघांचं जुळलं. हिरवी खूण आली.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं डबा उघडला आणि तसाच मिटला. मग शर्मिलाकडं गेला.

"मॅडम, त्या पुराच्या गाण्यांतल्या बायकांची नावं कळली, तर घालता येतील का?"

"ऑफ कोर्स, काका!" शर्मिलाचा चेहरा उजळला. "पण सोर्स काय?"

"हस्तलिखितात होती. ते रद्दीत गेलं."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

"ऐकून आहे."

"ऐकीव नाही ना चालणार," ती म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "पण ज्यानं प्रत्यक्ष पाहिलंय असा कुणी असेल ना, त्या प्रेसमधला वगैरे, त्यानं सही करून लिहून दिलं तरी पुरे. आपण ते रेफरन्स म्हणून लावू. शोधाल का असा माणूस? किती भारी होईल, काका!" तिनं त्याला दुरुस्तीचा एक अर्ज दिला. पोरगी मनानं फार चांगली होती. दार उघडून बाजूला उभी राहिली होती ती.

अर्ज त्यानं घरी आणला. पहिले तीन प्रश्न सोपे होते: पुस्तकाचं नाव, पान, सुचवलेली दुरुस्ती. अकरांपैकी त्याला तीनच नावं आठवली. आई, शेजारची विमलाबाई आणि एक भागूबाई. ती त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिली. चौथा प्रश्न होता, 'मूळ मुद्रणात ही माहिती का नाही?' आणि खाली चार ओळींची मोकळी जागा.

कचरूनं हजारो पानं जुळवली होती, हजारो टाइप केली होती. स्वतःचं वाक्य त्यानं कधी लिहिलं नव्हतं. समोर बघून उतरवायला काही नव्हतं. 'मी' असं लिहून तो थांबला. पुढं काय येतं ते त्याला ठाऊक होतं. ते तीन शब्दांचं होतं फार तर. बायको नंदा दोनदा चहा ठेवून गेली. त्यानं रडू येतं का वाट पाहिली, राग येतो का वाट पाहिली. काही आलं नाही. अर्ज त्यानं घडी करून विम्याच्या कागदांत ठेवला. शर्मिलानं पुढं दोनदा विचारलं, "मिळाला का माणूस?" तो म्हणाला, "शोधतोय." तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही, तिला दुसरी कामं होती.

दोन वर्षांनी देणगी आटली, कोठार बंद झालं. जे चढवलं होतं ते मात्र राहिलं, आणि शाळांच्या पुस्तिका निघत राहिल्या.

संजयची मुलगी साई सहावीत, इंग्रजी शाळेत. मराठीचा अभ्यास आजोबांनी घ्यायचा असा घरातला शिरस्ता होता. एका रविवारी ती पूरक वाचनाची पुस्तिका घेऊन आली आणि खुर्चीत पाय दुमडून मोठ्यानं वाचायला लागली, प्रत्येक शब्द वेगळा तोडत. "पेठंच्या... गाळामंदी... घावला... आजोबा, ही कसली मराठी आहे? स्पेलिंग मिस्टेक आहेत का?"

"नाहीत. तसंच आहे ते," कचरू म्हणाला. "वाच."

तिनं पूर्ण वाचलं. "सॅड आहे," ती म्हणाली. "म्हणजे हिला कंगव्याचा बॉक्स मिळाला आणि हिनं परत दिला. मी नसता दिला." मग स्वाध्यायाकडं वळली. "क्वेश्चन वन. हे गीत कोणी रचले आहे? खाली दिलंय, रचनाकार अज्ञात. अज्ञात कोण आहे? पोएट आहे का?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. नंदानं गॅस बारीक केला. कचरू साईकडं बघत होता. कपाळ तिचं तुळजाबाईचं होतं, हे त्यानं घरात कधी बोलून दाखवलं नव्हतं. आईचा एकही फोटो नव्हता. सांगितलं तर तिला आनंद झाला असता. ती धावत जाऊन बापाला सांगणार होती, वर्गात सांगणार होती. आणि त्याआधी, इथंच खुर्चीत बसून, ती विचारणार होती: मग नाव का नाही छापलं, आजोबा? कुणी काढलं?

"अज्ञात म्हणजे," तो म्हणाला, "ज्याचं नाव माहीत नाही असा माणूस."

"कुणालाच नाही माहीत?"

"नाही," कचरू म्हणाला. "कुणालाच."

साईनं ते वहीत लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न वाचला.